जुन्या मोटारसायकलची ठिणगी

आषाढाची झड लागली आणि रंकाळ्यावरचा ओला वारा पेठांतून फिरूं लागला, कीं कोल्हापुरांतील पुष्कळ घरांच्या सोप्यांत एक ठराविक देखावा दिसूं लागतो. वडिलांच्या वेळची बुलेट स्टँडवर उभी असते. घरांतील मुलगा घामाघूम होऊन किक मारीत असतो. आंतून आई विचारते, "आज रिक्षा करायची कां रे?" आणि शेजारचे एक गृहस्थ छत्री मिटतां मिटतां कार्ब्युरेटर साफ करण्याचा सल्ला देतात. कार्ब्युरेटर साफ होतो; गाडी चालू होत नाहीं. मग नवा प्लग येतो, नवी बॅटरी येते, आणि अखेरीस "इंजिन उघडावें लागेल" हें वाक्य ऐकूं येतें. त्या खर्चाचा आंकडा ऐकला म्हणजे घरांतील वडील माणसांनाहि भंगारवाल्याची आठवण होते. वस्तुतः अशा कित्येक गाड्यांचें दुखणें अंगठ्याच्या पेराएवढ्या एका डबींत, किंवा तिच्या शेजारच्या दोन धातूच्या टिकल्यांत असतें.

ज्या गाड्यांविषयीं हें सांगावयाचें त्या बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणाऱ्या. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडियाचा कारखाना निघाला व बुलेट देशांत रुजली. म्हैसुरांत १९६१ च्या सुमारास जावा होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांनाच येझ्दी हें नांव मिळालें, आणि १९९६ मध्यें तो कारखाना बंद पडला. जावा हें नांव २०१८ पासून पुन्हां रस्त्यावर आलें आहे खरें, परंतु नव्या गाडीचे भाग जुनीला लागत नाहींत. जुन्या गाडीचे म्हणून जे भाग बाजारांत मिळतात त्यांत बरे-वाईट दोन्ही असतात. म्हणून धड असलेला जुना भाग काढून केवळ नवा आहे म्हणून दुसरा बसविणें, यांत पैसा तर जातोच, पण कधीं कधीं एका दोषाचे दोन दोष होतात.

ठिणगी पडते कशी, हें एकदां समजलें म्हणजे अर्धें काम झालें. सहा किंवा बारा व्होल्टची बॅटरी प्लगच्या फटीवरून उडी मारणारी ठिणगी पाडूं शकत नाहीं. तीस हजारों व्होल्टचा दाब लागतो. पाण्याचा नळ जोरांत वाहत असतां एकाएकीं बंद केला तर भिंतींतील पाइपाला जो धक्का बसतो, तो ज्यानें ऐकला आहे त्याला ही किमया समजावयास अवघड नाहीं. पॉइंट मिटलेले असतांना कॉइलच्या जाड वेढ्यांतून प्रवाह वाहतो. पॉइंट उघडतांच तो तुटतो, आणि शेजारच्या बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत त्या धक्क्यासरशी प्रचंड दाब उत्पन्न होतो. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें हें तत्त्व अमेरिकेंत केटरिंगनें मोटारीला लावलें, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तें प्रत्यक्ष बाजारांत आलें. यांत कंडेन्सरचें काम असें कीं, पॉइंट उघडतांना तेथेंच ठिणगी पडून धक्का वायां जाऊं नये. तो नसला किंवा बिघडला, कीं जी ठिणगी प्लगवर पडावयाची ती पॉइंटवर पडते.

प्रथम प्लग काढून पाहावा. किक मारून मारून तो पेट्रोलनें ओला झाला असेल, तर पेट्रोल येत आहे व दोष बहुधा ठिणगीचा आहे. कोरडा ठणठणीत असेल, तर कार्ब्युरेटर सुचविणारे शेजारी बरोबर असण्याचा संभव आहे. जावा-येझ्दीच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागत असल्यामुळें त्यांच्या प्लगच्या फटींत काजळीचा एक केसाएवढा पूल बांधला जातो आणि तेवढ्यानें गाडी मुकी होते. टांचणीनें तो काढला कीं झालें.

काढलेला प्लग कॅपमध्यें बसवून, इंजिनाच्या अंगाला टेकवून, किक मारून ठिणगी पाहणें ही परीक्षा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु तिच्यांत दोन खोड्या आहेत. पहिली जिवाची. प्लगच्या भोंकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेंकली जाते, आणि ठिणगी तेथेंच जवळ असेल तर भडका उडूं शकतो. म्हणून पेट्रोलचा कॉक बंद करावा, भोंकांत दुसरा एखादा जुना प्लग फिरवून बसवावा, आणि हें काम उघड्यावर करावें; स्वयंपाकघराला लागून असलेल्या बोळांत तर कदापि करूं नये. कॅप उघड्या हातानें धरूं नये, आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसविला आहे त्यांनीं दूरच राहावें. दुसरी खोडी फसवणुकीची. उघड्या हवेंत ठिणगी सहज पडते. सिलिंडरांतील दाबलेल्या हवेंत पडावयास तिला पुष्कळ अधिक जोर लागतो. तेव्हां फिकी, पिंवळसर ठिणगी पाहून "करंट येतो आहे" असें म्हणूं नये. ठिणगी निळी हवी आणि तिचा चटकारा कानाला ऐकूं यावयास हवा.

यापुढची परीक्षा बुलेटवाल्यांच्या डोळ्यांसमोरच असते, पण तिच्याकडे फार थोडे लक्ष देतात. हँडलच्या मध्यें जो ॲमीटर असतो, त्याचा कांटा हाच घरचा वैद्य. दिवे बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि किक पायानें अगदीं सावकाश खालीं दाबीत जावी. पॉइंट मिटले कीं कांटा ऋण बाजूस कलतो, उघडले कीं मध्यावर परत येतो. असा तो डोलत असेल, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट मोकळी आहे व तेथें खर्च करण्याचें कारण नाहीं. मुळींच हालत नसेल, तर बॅटरीच्या टोंकांवर सांचलेला हिरवट खार, फ्यूज, किल्लीचा खटका आणि पॉइंटवरचा तेलकट मळ हीं क्रमानें पाहावीं. कलून तेथेंच खिळून राहिला, तर पॉइंट उघडतच नाहींत, किंवा तार कोठें तरी अंगाला लागली आहे, किंवा कंडेन्सर आंतून एक झाला आहे. चाचणी संपतांच किल्ली मात्र बंद करावी. पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल विनाकारण तापते.

पॉइंटची फट बुलेटमध्यें ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी आणि ती फीलर गेजनें मोजावी, नजरेच्या अंदाजानें नव्हे. पॉइंटचा जो टांच-भाग कॅमवर घासतो तो झिजत जातो, फट कमी होते आणि ठिणगी उशिरां पडूं लागते. हें इतकें हळू घडतें कीं गाडी "म्हातारी झाली" असेंच घरांत सर्वांना वाटतें. टिकल्या बारीक कानशीनें साफ करून, पेट्रोलांत भिजविलेला कोरा जाड कागद त्यांच्यामधून ओढावा.

गाडी थंडपणीं पहिल्या किकला चालू होते, पन्हाळ्याचा चढ अर्धा होतांच बंद पडते आणि वीस मिनिटें झाडाखालीं उभी राहिली कीं पुन्हां चालू होते, ही तक्रार कोल्हापुरांत नेहमींची. येथें संशय कंडेन्सर किंवा कॉइल यांवर घ्यावा; दोन्ही तापल्यावर दगा देतात. परंतु घरीं परत येऊन, थंड गाडीवर केलेली तपासणी व्यर्थ होय. चढावर बंद पडतांच, तेथल्या तेथें, आधीं पेट्रोलच्या टांकीचें झांकण उघडून पाहावें. त्याचें हवेचें छिद्र बुजलें असलें तरी लक्षणें अगदीं अशींच दिसतात. त्यानें फरक न पडल्यास ठिणगी पाहावी. पॉइंटचें झांकण उघडून किक मारतांना तेथेंच मोठी ठिणगी उडत असेल व टिकल्या काळ्या पडल्या असतील, तर कंडेन्सर बदलून पाहावा. एका वेळीं एकच भाग बदलावा. दोन बदलले तर खरा दोषी कोण, हें कधींच कळत नाहीं.

पावसाळ्यांतील दोष शोधण्यास रात्रीसारखी वेळ नाहीं. सोप्यांतला दिवा मालवून गाडी चालू करावी; प्लगच्या तारेला किंवा कॅपला चीर असेल तर निळसर धागे नाचतांना स्पष्ट दिसतात. गाडी चालूच होत नसेल, तर तार व कॅप पुसून, कोरडी करून पाहावी.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्यें पंचगंगेचें पाणी वस्तींत शिरलें, तेव्हां अनेक गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशा गाडीला प्लग काढल्यावांचून किक मारूं नये. सिलिंडरांत पाणी असेल तर तें दाबलें जात नाहीं आणि आंतला दांडा वांकतो. ठिणगीचा विचार त्यानंतरचा.

हें सर्व करूनहि किक उलट मारूं लागली, किंवा सायलेन्सरमधून बार निघूं लागले, तर टायमिंगचा प्रश्न असतो व तो अनुभवी हाताकडे सोंपवावा. ज्या शिवाजी उद्यमनगरांत म्हादबा मेस्त्रींच्या परंपरेंतील कारागीर अजून कानानें इंजिन ओळखतात, तेथें जातांना गाडीबरोबर एक चिठ्ठी न्यावी: प्लग ओला होता, कांटा डोलत होता, तापल्यावर ठिणगी पिंवळी, कंडेन्सर बदलला, फरक नाहीं. मिस्त्री ती चिठ्ठी वाचील, आणि बहुधा इंजिनाला पाना न लावतां प्रथम कॉइलकडेच वळेल.