परक्यांची सोबत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, तुम्ही युरोप पाहून आलात, त्याविषयी वीस मिनिटे बोला. अकरा दिवसांचा युरोप वीस मिनिटांत सांगायचा म्हणजे दर दिवसाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. शिवाय आयफेल मनोरा काय किंवा आल्प्सचे बर्फ काय, त्यांची छायाचित्रे आज प्रत्येकीच्या हातातल्या फोनवर आहेत. ती मी शब्दांनी पुन्हा काढून दाखवण्यात काय हशील? म्हणून मी एकच दिवस निवडला आहे, आणि तो म्हणजे पहिला. त्या दिवशी देशही परका होता आणि बसमधली माणसेही परकी होती.

२०२४ च्या सप्टेंबरातली ही सहल. जायचे ठरले तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो पैशाचा नव्हे, प्रकृतीचाही नव्हे. आमच्या यांना विमानाचा कंटाळा, त्यामुळे ते येणार नव्हतेच. मोठ्या जाऊबाईंनी विचारले, "सोबत कोण आहे?" मी म्हटले, "चाळीस माणसे आहेत." "ओळखीची?" "एकही नाही." त्यावर त्या जे गप्प झाल्या ते मी परत येईपर्यंत.

भगिनींनो, हा 'सोबत कोण?' प्रश्न आपल्यापैकी कोणाला चुकला आहे? शाळेत जाताना, बाळंतपणाला माहेरी जाताना, दवाखान्यात जातानासुद्धा तो दारात उभा असतो. माझे म्हणणे इतकेच की, सोबत घरातूनच बांधून न्यावी लागते असे नाही, ती वाटेतही मिळते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळराव मागे राहिले होते. सोबतीला होत्या त्या मिशनरी बाया, म्हणजे ना भाषेच्या ना धर्माच्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोचल्या. आणि आपल्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे इंग्रजी जेमतेम होते. तिकडे लोकांच्या घरी कामे करून त्या राहिल्या. त्यांच्यापुढे आमची सहल म्हणजे पाळण्यात बसून जाणे होय.

ही गटाने जाण्याची रीत मूळ इंग्लंडातली. टॉमस कुक या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडीने पाचशेच्या आसपास माणसे नेली, माणशी एक शिलिंग घेऊन, आणि तीही दारूबंदीच्या सभेला! पुढे १८६३ साली त्याने स्वित्झर्लंडची पहिली सहल काढली. तिच्यात जेमायमा मॉरेल नावाची एक अविवाहित बाई होती, तिने रोजनिशी लिहून ठेवली. ती बरोबर शंभर वर्षांनी, १९६३ साली, छापली गेली. एकट्या बाईला लोक ज्या प्रवासाला जाऊ देत नसत, त्या प्रवासाला गटातून जाता येऊ लागले, हा त्या धंद्याचा मोठाच उपकार म्हणायचा. आपल्याकडे केसरी पाटील यांनी १९८४ साली मुंबईत संस्था काढली आणि पुढे त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी केवळ बायकांच्या सहली सुरू केल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. आमची सहल तशी नव्हती. तिच्यात जोडपी होती, दोन भाऊ होते, एक आजी आणि नातू होते, आणि एकट्या अशा आम्ही चार बायका.

आता पहिल्या दिवसाकडे वळते. केसनंद फाट्यापासून खराडीपर्यंत आम्हांला जो वेळ लागला तो आपल्यासमोर मी काय वर्णन करावा! मुंबईहून रात्री विमान सुटले, वाटेत आखातात एका ठिकाणी ते बदलले, आणि सकाळी सातच्या सुमारास आम्ही जर्मनीत फ्रँकफुर्टला उतरलो. आपल्याकडे तेव्हा साडेदहा वाजले होते. सामानाच्या फिरत्या पट्ट्याभोवती सगळे उभे राहिले. बॅगा येत गेल्या, माणसे बाजूला होत गेली आणि पट्टा रिकामाच फिरू लागला. एक बाई मात्र तिथेच उभ्या होत्या. सोलापूरच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या. व्यवस्थापकाने केलेल्या यादीत माझ्या खोलीत त्यांचेच नाव होते.

त्यांची बॅग आली नव्हती. विमान बदलताना माणसे चढली, बॅग मागे राहिली. व्यवस्थापक त्यांना खिडकीपाशी घेऊन गेला. तेथे तक्रारीचा कागद भरून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो. विमानतळाबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच तो घेतलेला बरा. बॅग देताना आपल्याला जी चिकटपट्टी मिळते तिच्यावरचा आकडा त्यांना हवा असतो. बाईंनी ती पट्टी पासपोर्टाला चिकटवून जपून ठेवली होती, शिक्षिकाच त्या! कपडे गेले तर गेले, परंतु रक्तदाबाच्या आणि थायरॉईडच्या गोळ्याही त्याच बॅगेत होत्या. बाई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मी परत जाते."

व्यवस्थापक पोरसवदा, पण मोठा शहाणा. तो म्हणाला, "काकू, परत जायला उद्याचे तिकीट मिळेल. तोवर रात्र एकटीने काढावी लागेल. आणि तुमची बॅग तर इकडेच येणार." यावर त्या काही बोलल्या नाहीत. एकटीने मागे जाण्यापेक्षा परक्यांबरोबर पुढे जाणे सोपे आहे, हे हिशेबाने दिसत होते. मनाला पटायला मात्र वेळ लागत होता. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. काय बोलावे ते सुचेना, म्हणून थर्मासमधला चहा दिला.

या सगळ्यात दीड तास गेला आणि बाहेर बसपाशी माणसे ताटकळली. तिकडे रस्त्याची उजवी बाजू चालते, म्हणून बसचे दारही उजव्या अंगास. आम्ही बहुतेक सगळे डाव्या अंगास जाऊन दार शोधीत राहिलो आणि चालक आमच्याकडे पाहून हसत राहिला. तो पोलंडचा होता. बसमध्ये एक यंत्र असते, त्यात चालकाचा प्रत्येक मिनिट नोंदला जातो. साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती, दिवसाकाठी नऊ तासच हाकणे, आठवड्यातून दोनदा फार तर दहा. उशीर झाला म्हणून रात्री उशिरापर्यंत गाडी दामटून तो भरून काढायचा, ही आपली सोय तिथे नाही. सकाळी गेलेला दीड तास कोणाच्या तरी वाट्यातून कापला जाणारच होता. तो कापला गेला ऱ्हाइनकाठच्या रुडेसहाइम या गावातून. तिथल्या जुन्या अरुंद गल्लीतून तासभर हिंडायचे होते, ते राहिले.

एका गृहस्थांना हे सोसले नाही. बसमध्ये सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "एका बाईपायी चाळीस माणसांचा खोळंबा!" त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते असे मी म्हणणार नाही. त्यांनीही पैसे मोजले होते, आणि आयुष्यातून एकदाच घडणारा प्रवास होता. परंतु सोलापूरच्या बाई माझ्याशेजारीच खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, त्यांचा कान लाल झालेला मला दिसला. उत्तर दिले ते त्या गृहस्थांच्या पत्नीनेच. त्या मागे न वळता म्हणाल्या, "आपली राहिली असती तर तुम्ही बस हलू दिली असतीत का?" बस्स, एवढेच. त्यावर कोणी हसलेही नाही. पण तो विषय तिथे मिटला.

मग ओळखी. ध्वनिक्षेपक हातोहात फिरू लागला. पुरुषमंडळी हुद्दा सांगत, निवृत्त असली तरी. बायका गाव सांगत. मी वाघोली म्हणताच पुण्याकडच्या तिघांनी एकदम विचारले, "अजून तशीच कोंडी असते का हो?" मी म्हटले, २०२१ पासून आम्ही महापालिकेत आहोत, कोंडीसुद्धा आता शहरी झाली आहे. वाघेश्वराचे देऊळ, पिलाजीराव जाधवरावांची समाधी यांबद्दल कोणालाच काही ठाऊक नव्हते. तेव्हा ते मी जरा लांबवून सांगितले. आपल्या गावाची आठवण परमुलखात फार येते. सोलापूरच्या बाईंनी स्वतःचे नाव सांगितले आणि पुढे, "बॅग हरवलेली ती मीच," एवढेच बोलून ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. तेव्हा मात्र सगळे हसले, आणि त्याही.

रुडेसहाइमहून सांक्ट गोआरपर्यंत आम्ही बोटीने गेलो. नदीच्या दोन्ही अंगांस उभ्या चढणीवर द्राक्षमळे आणि दर वळणावर एक किल्ला. काउब गावापाशी तर नदीच्या ऐन पात्रातच एक छोटा किल्ला आहे, पूर्वी येणाऱ्या जाणाऱ्या नावांकडून जकात घेण्यासाठी बांधलेला. पुढे लोरेलायचा कडा लागतो, १३२ मीटर उंच. त्याच्यावर बसून गाणाऱ्या सुंदरीमुळे नावाडी भान विसरत आणि नावा फुटत, अशी दंतकथा आहे. नदी तिथे अरुंद आणि खोल, प्रवाह ओढीचा, नावा फुटायच्याच. दोष मात्र बाईच्या माथी! हे मी म्हटले तेव्हा चार बायकांनी टाळी दिली आणि बोटीवरची आमची मैफल जमली.

परंतु त्या दिवसातली खरी पाहण्यासारखी गोष्ट मी सांक्ट गोआरला पाहिली, आणि तिचे छायाचित्र कोणीही काढले नाही. बस उभी होती. व्यवस्थापकाने पोटातला सामानाचा कप्पा पाच मिनिटे उघडला. बायकांनी आपापल्या बॅगा बाहेर ओढल्या, फरसबंदीवर आडव्या केल्या आणि तिथल्या तिथे उघडल्या. घरातून निघताना इस्त्री करून, घड्या मोजून भरलेल्या बॅगा! कोणी नवा गाऊन काढला, कोणी परकर, कोणी लोकरीचे जाकीट, कोणी केसांचा ब्रश; आजीबाईंनी मोजे दिले. मी साडी दिली. माझे पोलके त्यांना होईना, तर आणखी कोणाचे झाले. ज्या बाईंना उत्तर द्यावे लागले होते त्यांनी न बोलता टॉवेल आणून ठेवला. सकाळी ज्यांची नावे ठाऊक नव्हती अशा सात जणींचे कपडे त्यांच्या अंगावर त्या रात्री होते.

गोळ्यांचे काम मात्र असे हातोहात करायचे नव्हते. गटात अहिल्यानगरचे एक डॉक्टर होते. बाईंच्या मुलाने सोलापूरहून औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र फोनवर पाठवले. डॉक्टरांनी ती वाचली आणि ज्यांच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या होत्या त्या सर्वांना पाकिटे आणायला सांगितले. तिघांच्या गोळ्या त्याच औषधाच्या निघाल्या, पण मात्रा जुळली ती दोघांचीच. थायरॉईडची गोळी आणखी एकीकडे होती. तीन दिवसांपुरत्या मोजून दिल्या. त्यांनी सर्वांना बजावले ते मी इथेही सांगते: गोळ्या नेहमी हातातल्या पिशवीत, सहलीच्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

संध्याकाळी कोलोनला पोचलो. तिथल्या चर्चचे जुळे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. काम १२४८ साली सुरू झाले आणि १८८० साली पुरे झाले, असे व्यवस्थापकाने सांगितले, तेव्हा आपल्या नगर रस्त्याविषयी मला जरा धीर आला.

रात्री खोलीत बाईंनी स्वतःची साडी धुतली, न्हाणीघरातल्या गरम नळीवर वाळत टाकली आणि माझ्या समोरच्या पलंगावर बसल्या. म्हणाल्या, "हे गेल्याला दीड वर्ष झाले. मुलगा म्हणत होता, पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ. मी म्हटले, तुझे पुढचे वर्ष केव्हा येईल ते मला ठाऊक नाही." मग थोड्या वेळाने, "सकाळी मला वाटले, त्याचेच खरे होते. फोनवर तो तसे म्हणेल म्हणून घाबरत होते. तो म्हणाला, आई, गोळ्या मिळाल्या ना, मग पुढे जा." दिवा मालवला तरी आम्ही बराच वेळ बोलत होतो. काय बोललो ते इथे सांगण्याचे नाही.

बॅग तिसऱ्या दिवशी पॅरिसच्या हॉटेलात आली. तिच्यात शेंगदाण्याच्या चटणीची दोन मोठी पाकिटे होती. (दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घेऊन जाऊ नका, चटणीला हरकत नाही.) ती सगळ्या बसला वाटली गेली. खोळंब्याची तक्रार करणाऱ्या गृहस्थांनी ती दुसऱ्यांदा मागून घेतली.

पासपोर्ट, व्हिसा, विमा यांविषयी ज्यांना विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे, आणि परतीच्या दिवसानंतर पासपोर्टाची मुदत निदान तीन महिने शिल्लक हवी, एवढे आताच सांगून ठेवते. मी खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. सोलापूरच्या बाई पुढच्या वर्षी जपानला जायचे म्हणतात, त्यांच्या खोलीत जागा मी धरली आहे. शेजारची खोली अजून रिकामी आहे.