मास्तर शाळा का सोडतात?



शाळेत मास्तर कमी पडले की एकच उपाय सुचवला जातो : नवे भरा. टाकीत पाणी राहत नाही म्हणून नळ मोठा करण्यातलाच हा प्रकार. टाकीला भोक आहे काय, हे कोणी पाहत नाही. माझी हयात कामगार संघटनेत गेली. तिथला पहिला धडा असा की, माणूस काम सोडून गेला एवढेच हजेरीपट सांगतो. तो का गेला हे माणसालाच विचारावे लागते, आणि रीतीने विचारावे लागते.

अमेरिकेत हे काम कसे झाले ते पाहू. तिथल्या सरकारी शिक्षण-सांख्यिकी केंद्राने १९८७-८८ साली शाळा व शिक्षक यांची मोठी नमुना पाहणी सुरू केली. पाहणी झाल्यावर दुसऱ्या वर्षी, ज्यांनी प्रश्नावली भरली त्यांपैकी कोण शाळेत आहे, कोण दुसऱ्या शाळेत गेला, कोणी पेशाच सोडला, हे आधी शाळेकडून कळवून घेतात. मग तिन्ही गटांतली माणसे निवडून त्यांना पुन्हा विचारतात. यात खरी मेख आहे. गेलेला म्हणतो, पगार कमी होता. पण तोच पगार घेऊन राहिलेलाही कदाचित तेच म्हणत असेल! दोघांच्या उत्तरांत फरक पडतो तिथेच कारण शोधायचे असते.

२०२०-२१ साली तिथल्या सरकारी शाळांत शिकवणाऱ्या शंभर शिक्षकांपैकी ८४ जण पुढल्या वर्षी त्याच शाळेत होते, ८ दुसऱ्या शाळेत गेले आणि ८ जणांनी शिकवणे सोडले. सरकारी हिशेबात तोटा आठांचा. मुख्याध्यापकाच्या हिशेबात मात्र सोळांचा, कारण दुसऱ्या शाळेत गेलेल्याचीही खुर्ची रिकामीच राहते. म्हणजे २५ शिक्षकांच्या शाळेत दर वर्षी ४ नवे चेहरे. ही झाली सरासरी. गरिबांच्या वस्तीतल्या शाळांना याहून अधिक झळ लागते.

याच पाहण्यांच्या आकड्यांवरून रिचर्ड इंगरसॉल या अभ्यासकाने २००१ साली दाखवून दिले की, निवृत्त होणाऱ्यांचा वाटा थोडा आहे. असमाधानाने जाणारे बरेच आहेत. त्या असमाधानाची कारणे चार : अपुरा पगार, वरिष्ठांचे पाठबळ नसणे, मुलांची बेशिस्त, आणि शाळेच्या कारभारात शब्दाला किंमत नसणे. यांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या कारणावर फारसा पैसाही लागत नाही!

निम्मे नवे शिक्षक पाच वर्षांत जातात, असेही तिथे पुष्कळ बोलले जाई. मग २००७-०८ साली रुजू झालेल्यांचा एक गट घेऊन पाच वर्षे त्याचा माग ठेवला. पाचव्या वर्षी शंभरांतले १७ शिकवीत नव्हते. पहिल्या वर्षी ज्यांना अनुभवी मार्गदर्शक दिला होता त्यांतले ८६ टक्के टिकले. ज्यांना दिला नव्हता त्यांतले ७१ टक्के. आरंभीचा वार्षिक पगार ४० हजार डॉलर वा अधिक असणाऱ्यांत ८९ टक्के, त्याखाली ८० टक्के. पण जपून! मार्गदर्शक देणारी शाळा इतर बाबतींतही बरी असू शकते. आकडा दिशा दाखवतो, निवाडा देत नाही.

यात मुलांचे काय? न्यूयॉर्क शहरातील चौथी-पाचवीच्या मुलांवरील २०१३ सालच्या एका अभ्यासात दिसले की, शिक्षकांची ये-जा वाढली की भाषा आणि गणित या दोन्ही विषयांतले गुण घसरतात. ज्या मुलांचा स्वतःचा शिक्षक बदललेला नाही, त्यांनाही हा फटका बसतो.

आपल्याकडे 'यू-डायस'मध्ये शाळावार शिक्षकांची मोजदाद होते. ती हवीच, पण मोजदाद म्हणजे हजेरीपट. महाराष्ट्रात २००० सालापासून शिक्षणसेवक तीन वर्षे मानधनावर राबतो. तो मधेच गेला तर का गेला आणि शेजारचा का टिकला, हे प्रत्येक जिल्ह्याने विचारावे. मात्र ज्याच्या हाती त्याची नोकरी, त्याच्या हातून प्रश्नावली जाऊ नये, आणि उत्तरावर नाव असू नये. मालकासमोर कामगार 'सर्व ठीक आहे' असेच म्हणतो, हे मला कोणी शिकवायला नको.

मास्तर गेला तर दुसरा मिळेल. मुलाचे ते वर्ष मात्र परत येत नाही. म्हणून नवे मास्तर भरण्याआधी जुने का गेले ते विचारा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.