घरच्या सुतारकामातील काही सोप्या युक्त्या
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय गहन नाही. परंतु आपणां सुतारांच्या घरी तो परकाही नाही.

बलुतेदारीच्या काळी नांगर, कुळव, पाभर आणि गाडी यांवाचून गावाचे चालत नसे व सुतारावाचून ती अवजारे होत नसत. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला. पुढे इतर अवजारेही लोखंडाची होत गेली आणि वाडवडिलांचे पुष्कळसे काम हातचे गेले. आज आपली मुलेमुली कचेऱ्यांत, इस्पितळांत, कारखान्यांत मानाने काम करतात, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु कित्येक घरी आजोबांची हत्यारांची पेटी माळ्यावर गंजत असते आणि खुर्चीचा पाय डुगडुगू लागला की खुर्चीच भंगारात जाते. पोटासाठी ही विद्या सुटली तरी घरातून ती सुटू नये, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम जागेचा प्रश्न. लहान घरात कामाचे स्वतंत्र मेज कोठून आणावे? हातभर लांब व वीतभर रुंद फळी घ्यावी. तिच्या एका टोकाला वरच्या अंगाने आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाने एकेक पट्टी आडवी बसवावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते. वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत पुढे रेटली की लाकूड हालत नाही. टेबलालाही चरा पडत नाही.

दुसरी गोष्ट काटकोनाची. गुण्या जवळ नसेल तर कोनापासून एका बाजूवर ३० व दुसऱ्या बाजूवर ४० सेंटिमीटरवर खूण करावी. दोन खुणांतील अंतर बरोबर ५० भरले तर कोन काटकोन समजावा. चौकट जोडताना समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील, तर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट सरळ; एक कर्ण लांब असेल तर त्या दोन कोपऱ्यांवर हळूच दाब द्यावा.

सरसाचा सांधा सुकेपर्यंत दाबून धरावा लागतो. त्यासाठी शिकंजे विकत घेतलेच पाहिजेत असे नाही. खुर्चीच्या पायांभोवती सुतळीचे दोन वेढे द्यावेत, मध्ये काठी घालून पीळ भरावा आणि काठी आडव्या दांडीला अडकवून ठेवावी. सायकलीच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळली तर वेड्यावाकड्या आकारासही ती घट्ट आवळते. मात्र जुना सरस खरवडून काढल्याखेरीज नवा लावू नये; सुकलेल्या थरावर नवा सरस लाकडाला धरत नाही.

बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन फिरत राहतो, हा अनुभव घरोघरीचा आहे. भोकात सरस लावलेल्या, गूल काढून टाकलेल्या आगकाड्या ठासून भराव्यात व सुकल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा. कठीण लाकडात आधी बारीक भोक पाडावे आणि स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासावी. साबण लावू नये. तो ओल धरतो आणि लोखंड गंजते. पितळी स्क्रू बसवायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून काढावा, म्हणजे नरम पितळ मध्येच तुटत नाही.

फळीच्या टोकाशी खिळा ठोकताना फळी चिरते. अशा वेळी खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करावे. अणकुचीदार टोक पाचरीप्रमाणे तंतू दूर सारते; बोथट टोक ते तोडीत आत जाते.

पावसाळ्यात खण आणि दारे अडकतात म्हणून लगेच रंधा हाती घेऊ नये. लाकूड दमट हवेत रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. श्रावणात तासलेले दार वैशाखात सैल होते. तूर्त घासणाऱ्या कडेस मेण लावावे आणि तासणे उन्हाळ्यापर्यंत थांबून जरुरीपुरतेच करावे.

पॉलिश नसलेल्या लाकडावर हातोडीचा खळगा पडला तर त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री थोडा वेळ टेकवावी. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही.

आता दोन इशारे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेतात. म्हणून त्या घराबाहेर पसरून वाळवाव्यात. दुसरे, लाकडाचा भुसा निरुपद्रवी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत घातली. घासकाम उघड्यावर, नाकातोंडावर मास्क लावून करावे. विजेच्या फिरत्या हत्याराजवळ पदर, ओढणी वा सैल बाही जाऊ देऊ नये.

बंधुभगिनींनो, या युक्त्यांस पैसा लागत नाही; हात आणि धीर लागतो. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. यंदा पूजेपूर्वी ती पेटी माळ्यावरून खाली उतरवावी, गंज काढावा, पटाशीला धार लावावी आणि शिलाई यंत्राचे तेल पुसावे. मग घरातील वडीलधाऱ्यांनी नातवाबरोबर नातीलाही शेजारी बसवून एखादा सांधा तिच्याकडून करवून घ्यावा. हाताची विद्या ग्रंथात पुरती उतरत नाही. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून त्याच्या हातात जाते. ज्यांच्या हातात ती आहे ते आज आपल्यात आहेत, तोवरच ती मागून घेतली पाहिजे.