चित्रातील स्त्री, चित्रकर्ती स्त्री



१९८९ साली न्यूयॉर्क शहरात एक भित्तिपत्रक झळकले. 'गुरिल्ला गर्ल्स' हा स्त्री-कलावंतांचा गट गोरिलाचे मुखवटे घालून वावरत असे. या गटाने तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सरळ मोजदाद केली होती. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहून कमी. पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के चित्रे स्त्रियांची! चित्रात स्त्रीला मुबलक जागा होती. चित्रकारांच्या पंक्तीत मात्र ती नावापुरतीच होती. संकल्पनात्मक कलेतील स्त्रीचा विचार या विसंगतीपासूनच सुरू करावा लागतो.

ही कला १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत जोर धरू लागली. सोल लेविट या अमेरिकन कलावंताने १९६७ मध्ये एक लेख लिहून कलाकृतीत कल्पना हाच सर्वांत महत्त्वाचा घटक असल्याचे प्रतिपादन केले. रंग आणि कॅनव्हास यांची सक्ती संपली. छायाचित्र, चित्रफीत, मांडणशिल्प, इतकेच काय पण घरातील नित्याची वस्तूही माध्यम ठरू लागली. जिचे आयुष्य अशा वस्तूंच्या सहवासात जाते, त्या स्त्रीला हे दार आपलेसे वाटले, यात नवल ते काय?

भारतातील स्थिती पाहू. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर विराजमान झाल्या. सामान्य कुटुंबाला परवडेल असे चित्र मिळाले, हे रविवर्मांचे ऋण मोठेच आहे. परंतु त्याबरोबर स्त्रीच्या रूपाचा एक साचाही रुजला. गोरा वर्ण, भरजरी साडी, शांत मुद्रा. प्रत्यक्षातील सावळी, कष्टाने रापलेली, प्रसंगी संतापणारी स्त्री या साच्यात कोठे बसते?

बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी हाच प्रश्न विचारला. बडोद्यात शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या या कलावतीने छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्या सहकार्याने २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातील स्त्रियांवर एक छायाचित्रमालिका सिद्ध केली. तीत त्या स्वतः रविवर्मांच्या लक्ष्मीच्या वेषात उभ्या राहतात. दुसऱ्या चित्रात त्या तोडा जमातीची स्त्री होतात. मागे चौकड्यांचा पडदा आहे, कारण एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासक माणसांची मापे घेण्यासाठी असाच पडदा लावीत. पूजेचे चित्र आणि मोजमापाचे चित्र शेजारी आले की ध्यानी येते, दोन्हीकडे स्त्रीला उभे करणारा दुसराच कोणी होता. येथे मात्र वेष तिने निवडला आहे आणि आपण वेष घातला आहे हे तिने लपविलेलेही नाही.

शीला गौडा यांचा मार्ग निराळा. १९९८ मध्ये केलेल्या त्यांच्या मांडणशिल्पात स्त्रीची आकृतीच नाही. शेकडो फूट धागा सुईच्या नेढ्यातून ओढून घ्यायचा, असे अनेक धागे कुंकू आणि डिंक लावून एकत्र करायचे आणि त्यांचा लाल दोर वळायचा. हे दोर भिंतीवरून, जमिनीवरून वेटोळे घेत जातात. टोकाला सुयांचा झुबका लोंबतो. शीर्षकाचा आशय असा, की माझी वेदना त्याला सांग. कुंकू सौभाग्याचे, पण लाल रंग रक्ताचाही! सुई-दोऱ्याचे जे काम घराघरांत अबोलपणे चालते, त्याचे कष्ट येथे डोळ्यांना दिसतात. महाराष्ट्रातील आजीने शिवलेल्या गोधडीवर तिचे नाव कधी कोणी पाहिले आहे काय?

तिसरे नाव नलिनी मलानी यांचे. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या, फाळणीमुळे विस्थापित झालेल्या कुटुंबातील ही कन्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची विद्यार्थिनी. त्यांची 'मदर इंडिया' ही पाच पडद्यांवरील चित्रफीत २००५ ची. फाळणीत आणि २००२ च्या गुजरातमधील हिंसाचारात स्त्रियांनी जे भोगले, तो तिचा विषय. देशाला माता म्हणून वंदन करणाऱ्या समाजाला ही कलाकृती अस्वस्थ करते. फाळणीत पळविलेल्या स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला. पण त्या स्त्रीची स्वतःची इच्छा काय, हे विचारण्यास त्यात स्थान नव्हते. परत आलेल्या कित्येकींना घरच्यांनी उंबरठा ओलांडू दिला नाही. मातेची प्रतिमा पूजनीय. परंतु जितीजागती माता-भगिनी दारात उभी असताना दार उघडते की नाही, यावर त्या पूजेचा खरेपणा ठरतो.

संकल्पनेच्या नावाखाली सारेच काही स्वीकारार्ह ठरते, असे मुळीच नाही. पानभर खुलासा वाचल्याशिवाय जी कृती बोलतच नाही, ती पाहून प्रेक्षक रिक्त हस्ते परतला तर दोष प्रेक्षकाचा नव्हे. केवळ धक्का देणे म्हणजे विचार देणे नव्हे. परंतु न समजलेल्या गोष्टीची टवाळी करून मोकळे होणे हेही सुसंस्कृतपणाचे लक्षण नाही. वरील तिन्ही कलाकृतींत कल्पनेमागे परिश्रम आहेत, अभ्यास आहे आणि सांगण्याजोगे सत्य आहे.

म्हणून कलादालनात मुलींना अवश्य न्यावे. कलाकृतीसमोर उभे राहून विचारावे, की हे कोणी घडविले, यात कोण दिसते आणि जी दिसते तिला स्वतःचे काही म्हणता आले आहे काय? हेच प्रश्न घरी परतल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेला आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरातीलाही विचारावेत. मुलीची चित्रकला विवाहाच्या परिचयपत्रातील एक 'छंद' म्हणून नोंदवून न थांबता, तिच्या हाती ब्रश, कॅमेरा वा सुई-दोरा देऊन 'तुला काय दिसते ते दाखव' असे जे घर म्हणेल, त्या घरात स्त्रीचा सन्मान खऱ्या अर्थाने नांदेल.