कुंडीतला बांबू आणि चार महिन्यांचा पाऊस
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



रोह्यात उभं राहून झाडांवर बोलायचं तर जपूनच बोलावं लागतं. चिंतामणराव देशमुखांना आपण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री म्हणून ओळखतो. पण ते केंब्रिजला गेले ते निसर्गविज्ञान शिकायला, आणि वनस्पतिशास्त्रासाठीचं तिथलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांनी मिळवलं होतं. त्यांचं लहानपण याच गावात गेलं. तेव्हा आजचा विषय या गावाला परका नाही.

विषय आहे बुटका पट्टेरी बांबू. मुंबई-गोवा महामार्गावरच्या नर्सऱ्यांत, फार्महाऊसच्या फाटकाशी, नव्या सोसायट्यांच्या बाल्कनीत याला सध्या मागणी आहे. कमरेच्या आतली उंची, अरुंद पानं आणि पानांवर हिरव्याशी लपंडाव खेळणारे पांढरे पट्टे. शास्त्रीय नाव प्लिओब्लास्टस फॉर्च्युनी. चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा रॉबर्ट फॉर्च्यून, त्याच्यावरून हे नाव पडलं. झाड मूळचं जपानचं. याच कुळातला दुसरा एक बांबू सोनेरी पानांवर हिरव्या रेघांचा असतो.

खरेदीला जाल तेव्हा एक ध्यानात असू द्या. ‘बांबू’ म्हणून विकलं जाणारं सगळंच बांबू नसतं. काचेच्या भांड्यात पाण्यावर वाढणारा ‘लकी बांबू’ हा ड्रासिना आहे, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. बांबूशी त्याचं काही नातं नाही. ‘मिनी बांबू’ म्हणून मिळणारी पोपटी, मऊ झुडपं बहुधा पोगोनॅथेरम नावाचं गवत असतं. बांबूही गवताच्याच कुळातला असल्याने ते दूरचं भावकीतलं म्हणा. कुंपणाला लावतात तो बांबुसा मल्टिप्लेक्स मात्र खरा बांबू. त्याच्याही पट्टेरी जाती आहेत, पण तो माणसापेक्षा उंच जातो.

आता मुद्द्यावर येतो. आपण लहानपणापासून पाहतो ते कळक, मेस, माणगा. यांची बेटं होतात. कोंब आईच्या पायाशीच फुटतो, बेट दरवर्षी थोडं रुंद होतं, पण जागा सोडत नाही. म्हणून बांधावर बांबू लावताना आपल्या आजोबांनी फार विचार केला नाही. बुटक्या पट्टेरी बांबूची चाल उलटी आहे. त्याचा कंद जमिनीखाली आडवा धावतो आणि लांब जाऊन कुठेतरी वर डोकं काढतो. जपानच्या थंडीत ही धाव वर्षातले काही महिने थांबते. आपल्याकडे थंडी अशी नाहीच, आणि सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो. ओली, मऊ झालेली जमीन त्याला मोकळं रान वाटते. एका वर्षी वाफ्यात लावलेला हा बांबू पुढे फरशीच्या सांध्यातून आणि शेजाऱ्याच्या हळदीतून निघाला, तर दोष झाडाचा नाही.

नर्सरीत हे ओळखणं सोपं आहे. पिशवी उचला आणि तळाची भोकं पाहा. काड्या मधोमध घट्ट जुडीने आल्या असतील तर तो बेटाचा बांबू. कडेकडेने, पिशवीला चिकटून, एकेकटे कोंब वर आले असतील आणि भोकांतून पिवळसर, पेरांचा, दोरीसारखा कंद डोकावत असेल, तर तो धावणारा. असा बांबू घ्यायला हरकत नाही, फक्त त्याची जागा कुंडीत.

कुंडी उंच नको, पसरट घ्या. कंद खोल जात नाही, आडवा जातो. बारा ते चौदा इंच रुंदीची कुंडी पहिल्या दोन वर्षांना पुरते. तळाला भोकं मोठी हवीत. मातीची कुंडी दिसायला देखणी, पण भरून आलेला कंद तिला तडा देतो, म्हणून जाड सिमेंटची किंवा चांगल्या प्लास्टिकची बरी.

पेणमध्ये माती म्हटलं की गणपती डोळ्यांपुढे येतो. पण मूर्तीला लागणारी शाडू ही कुंडीला सर्वांत वाईट माती. कण इतके बारीक की पाणी धरून बसतात आणि हवेला वाव राहत नाही. खाचरातली चिकण मातीही तशीच. पावसात चिखल, मार्चमध्ये वीट. दोन भाग लाल भुसभुशीत माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जळका तूस असं मिश्रण करा. तूस आपल्याकडे विकत आणायला नको. पोह्यांच्या आणि भाताच्या गिरण्या जवळ आहेत. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते, आणि गवताच्या सगळ्या कुळाला सिलिका लागते. पानं ताठ राहतात ती तिच्यामुळे. म्हणूनच कुंडीत गळलेली बांबूची पानं झाडून टाकू नका. ती तिथेच कुजू द्या, सिलिका परत मातीत जाते.

पाण्याचं पेणकरांनी विशेष ऐकावं. खारेपाटात, वाशी-वडखळच्या बाजूला बोअरचं पाणी मचूळ लागतं. बांबूला मीठ सोसत नाही. पानांची टोकं आधी तपकिरी होतात, मग कडा वाळतात, आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं; आपण तेच खारं पाणी आणखी घालतो. टोकं जळत असतील तर आधी पाण्याची चव घ्या. कुंडीपुरतं नळाचं पाणी वापरा, जमेल तितकं पावसाचं साठवा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तळातून भरभरून वाहीपर्यंत गोडं पाणी द्या, साठलेला क्षार धुऊन जातो. तहान लागल्याची खूणही झाड स्वतःच सांगतं. पान लांबीच्या दिशेने गुंडाळून नळीसारखं झालं की पाणी हवं. पाणी मिळालं की पान पुन्हा उलगडतं.

पावसाळ्यात मात्र कुंडीखालच्या बशा काढून टाका. एक तर मुळं कुजतात, दुसरं म्हणजे साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. हौसेची किंमत घरातल्या लेकरांनी मोजू नये.

उन्हाचा प्रश्न पट्ट्यांशी बांधलेला आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. तो भाग अन्न तयार करत नाही आणि कडक ऊन लागलं की भाजतो. एप्रिलमध्ये दुपारच्या पत्र्याखाली ठेवलेली कुंडी आठवड्यात कळाहीन होते. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, म्हणजे पूर्वेचा ओटा किंवा आंब्याची विरळ सावली, ही उत्तम जागा. अगदी अंधारात ठेवलं तर पट्टे फिके पडतात. कधी एखादा कोंब पूर्ण हिरवा येतो. तो दिसताच कंदापासून काढा. त्याच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून तो जोमाने वाढतो, आणि दोन-तीन वर्षांत पट्टेरी भाग मागे पडून सगळी कुंडी हिरवी होते. नत्राचं खतही बेतानेच द्या. जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये मूठ-दोन मूठ गांडूळ खत पुरे.

उन्हाळाभर तापून राकट झालेली पानं पावसाच्या तोंडावर, वैशाखाच्या शेवटी, जमिनीपासून चार बोटं ठेवून सरसकट छाटा. मन घट्ट करून छाटा. पहिल्या सरींनंतर येणारी पालवी सर्वांत स्पष्ट पट्ट्यांची असते. कुंडी बदलायची वेळही छाटणीचीच, दर दोन-तीन वर्षांनी. कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढलात की कडेने गोल गोल फिरलेला कंद दिसेल. धारदार कोयत्याने त्याचे दोन-तीन तुकडे करा, प्रत्येकावर दोन-चार काड्या आणि जिवंत डोळे राहतील असं पाहा. एक तुकडा त्याच कुंडीत, बाकीचे शेजारी-पाजारी द्या, पण देताना कुंडीची अटही सांगा. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून फवारा.

जमिनीतच लावायचा हट्ट असेल तर विहिरीची किंवा शोषखड्ड्याची सिमेंटची रिंग वापरा. दीड-दोन फूट खोल पुरा, काठ दोन इंच जमिनीवर राहू द्या, म्हणजे कंद वरून उडी मारताना दिसतो आणि छाटता येतो. ओढ्याच्या, नदीच्या काठी तर हा बांबू लावूच नका. पुरात तुटलेला कंदाचा तुकडा खाली वाहत जाऊन रुजतो, आणि मग तो कुंडलिका नदीच्या काठाचा होतो.

श्रोत्यांतून हमखास येणारा एक प्रश्न आधीच घेतो. बांबू फुलला की दुष्काळ पडतो का? मिझोराममध्ये एका विशिष्ट बांबूला सुमारे ४८ वर्षांनी एकाच वेळी फुलं येतात. त्याच्या बियांवर उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतं खातात. १९५९ मध्ये तिथे दुष्काळ पडला तो असा. आपल्या कुंडीतल्या झाडाने तसं होत नाही. फुलं आलीच तर बेचैन होऊ नका, झाड कमजोर होऊ नये म्हणून छाटून टाका.

शेवटी एक विनंती. हा जपानी पाहुणा ओट्यावर जरूर असू द्या. पण ज्यांच्याकडे शेताचा बांध आहे त्यांनी यंदा माणग्याचं किंवा मेसाचं एक तरी बेट लावावं. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडण्याची धास्ती उरलेली नाही. सूप, रोवळी, टोपली विणणाऱ्या बुरुडाला आपला बांबू लागतो, पट्टेरी नव्हे. पाऊस पडायच्या आत दोन्ही कामं उरका: कुंडीतला छाटा आणि बांधावरचा लावा.