वाड्यातील मेंढ्याची निवड
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मेंढरांविषयी आपल्याला सांगणे म्हणजे माशाला पोहणे शिकविण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. तथापि एका चुकीकडे लक्ष वेधणे आम्हांस कर्तव्य वाटते, कारण ती आपण सर्वच करीत आलो आहोत.

बकरी ईदेचा बाजार जवळ आला की व्यापारी वाड्यावर येतो आणि सर्वांत भरदार नराला चांगली किंमत सांगतो. घरची नड असते. आपण तो देतो. मागे उरतो तो रोडका, आणि तोच पुढे कळपाचा बाप होतो. मेंढी वर्षाकाठी बहुधा एकच कोकरू देते, परंतु एक मेंढा तीसचाळीस कोकरांचा पिता होतो. अशा रीतीने दरवर्षी उत्तम बीज आपण स्वहस्ते कसायाकडे पाठवितो.

यावर उपाय खर्चाचा नाही. शंभर मेंढ्यांस तीन नर पुरेत. ते तीन आधी निवडावेत, मग बाकीचे विकावेत. निवडताना केवळ अंगलट न पाहता आईकडे पाहावे: तिला दूध किती, ती दरसाल विते काय, तिची कोकरे जगतात काय? हा हिशेब वाड्यावरील आपल्या माताभगिनींना तोंडपाठ असतो. त्यांचा शब्द घेतल्याविना नर ठेवू नये. कानात बिल्ला व घरात एक वही असली, तर हे ज्ञान पुढील पिढीसही मिळेल.

दुसरी गोष्ट नात्याची. मेंढा लागल्यापासून पाच महिन्यांनी कोकरे होतात आणि पुढे वर्ष-सव्वा वर्षात त्यांतील माद्या माजावर येतात. म्हणून दोन वर्षांच्या आत मेंढा बदलावा. सोयऱ्यांच्या वाड्याशी अदलाबदल केल्यास पैसाही लागत नाही. सोयरीक करताना आपण सात पिढ्या पाहतो. कळपात मात्र बापलेकींचा विचार करीत नाही!

जत भागातील माडग्याळ मेंढा थोराड व लवकर वाढणारा खरा, परंतु त्याच्या संततीची भूकही मोठी. ज्यांची वाटचाल लांब व चारा तुटपुंजा, त्यांनी काटक दख्खनी रक्त सर्वस्वी घालवू नये. फलटण येथे श्री. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापिलेल्या संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला आहे. तो गुण रक्ततपासणीने ओळखता येतो. मात्र जुळ्यांना दूध व निगा अधिक लागते. तेवढी सोय असेल त्यानेच त्या वाटेने जावे.

बंधूंनो, कुरणे आक्रसत आहेत आणि मुले शिकून अन्यत्र जात आहेत. कळपाची संख्या वाढविणे आता आपल्या हाती फारसे नाही. त्याचा कस वाढविणे मात्र आहे. यंदाच्या बाजारापूर्वी प्रत्येक वाड्याने आपला उत्तम नर बाजूस काढून ठेवावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.