शीर्षकात न सापडलेली मिश्री

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षे काम केले. तिथली माझीच एक चूक आज सांगतो.

पदव्युत्तर शिक्षण घेणारी एक डॉक्टर मुलगी आली. तिचा विषय मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि दाता-हिरड्यांना लावायची, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय. गरोदरपणातल्या मिश्रीचा बाळावर काय परिणाम होतो, हे तिला पाहायचे होते. मी ‘पबमेड’ उघडले आणि शीर्षकात ‘मिश्री’ असलेले लेख मागितले. मोजकेच आले. “डॉक्टर, यावर फारसे काम झालेले दिसत नाही,” असे सांगून मी मोकळा झालो.

रात्री चैन पडेना. इंग्रजीत कोणी ‘मिश्री’ लिहितो, कोणी ‘मिसरी’, कोणी ‘मशेरी’; कोणी शीर्षकात नुसतेच ‘धूरविरहित तंबाखू’ म्हणतो. शीर्षक लेखक देतो, आपल्या मर्जीने. विषयशीर्षकाचे तसे नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली ‘मेश’ नावाची ठरावीक शीर्षकांची यादी सुरू केली. लेखकाने ‘हार्ट अटॅक’ लिहो की आणखी काही, सूचीकार लेख पाहून ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हेच नाव लावणार. मिश्रीवरचे लेखही असेच ‘टोबॅको, स्मोकलेस’ या नावाखाली जातात. सकाळी त्याला ‘प्रेग्नन्सी’ आणि ‘इंडिया’ ही शीर्षके जोडली, तेव्हा आदल्या दिवशी न दिसलेले लेख समोर आले.

अर्थात त्यात तपकीर आणि गुटखाही आला. निवडत बसावे लागले. शिवाय नव्या विषयाला शीर्षक मिळायला वेळ लागतो. २०२० च्या सुरुवातीला करोनाचे लेख शोधताना शीर्षकातल्या शब्दांचाच आधार होता. ‘कोविड-१९’ हे मुख्य शीर्षक म्हणून २०२१ च्या यादीत आले. २०२२ पासून तर शीर्षके लावण्याचे काम संगणकच करतो, माणसे काही लेख तपासतात. म्हणून मी आता दोन्ही तऱ्हांनी शोधतो.

त्या मुलीला मी फोन केला. ‘या विषयावर फारसे संशोधन नाही’ हे वाक्य तिने आराखड्यात लिहूनही टाकले होते. मार्गदर्शकांकडे कागद जायला दोन दिवस होते.

“सर, ते वाक्य खोडते,” ती म्हणाली, “पण यादी आजच द्या.”